थांग आजोबांचा गॅस

थांग आजोबांना यकृताचा कॅन्सर झाला. म्हणजे झालाच नव्हता. पोटात गॅस धरलाय, असं त्यांच्या लेकीने, मेइलानने, ठरवून टाकलं होतं. चीनमधल्या नान्निंग शहरातल्या इस्पितळात छियाओ सिस्टरलाही तिने बजावलं, "बाबांना कळलं तर हातपाय गाळतील, जेवण सोडतील. तुम्हीही गॅसच म्हणा."

म्हणून सिस्टर रोज किरणं देण्यासाठी पोटावर काढलेल्या जांभळ्या खुणा पुसल्या नाहीत ना ते बघायची, कातडी लाल झालीय का तपासायची आणि म्हणायची, "आजोबा, गॅस उतरतोय हं."

एकदा मेइलान गरम पाणी आणायला गेली, तसे आजोबा हळूच म्हणाले, "गाठ किती उरलीय, सिस्टर? आणि पोरीला बोलू नका. मला माहीत आहे हे तिला कळलं, तर तीच जेवण सोडेल."

"अर्धी उरलीय," सिस्टर म्हणाली. "नाही सांगत. आणखी काही?"



"आहे ना. मी निवृत्त हेडमास्तर, पण पोरीबरोबर आत येताना रोज मला निरक्षर व्हावं लागतं. तरी माझा गॅस बरा होईपर्यंत दारावरची 'कॅन्सर किरणोपचार विभाग' ही हातभर अक्षरांची पाटी उतरवून ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."