जरुरीपुरता जोर

"हाताला बोटं किती?" लहानू गुरुजींनी विचारलं.

"पाच!" चाळीतली पोरं ओरडली.

"मग हितं चारच कशी?" गोदूने पंख्याकडे बोट दाखवलं.

टेबलफॅनच्या लोखंडी पायावर कुंकवाचा पंजा उमटलेला होता, जुना, विटलेला. करंगळीची जागा कोरी होती. गुरुजी हसले. "शेठच्या घरी पूजा केली असेल. घाईत नीट उमटला नसेल. पळा आता, उद्या पाढे पाठ करून या."

पोरं पळाली तेव्हा दारात सोमा उभा होता. वडप्याच्या शाळेत तो गुरुजींच्या हाताखालून गेलेला. आता याच कामतघरला, दोन गल्ल्या सोडून, कापड विणायचे चार लूम चालवत होता. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, सदऱ्यावर तपकिरी शिंतोडे. ते पानाचे नव्हते.

"ये, पंख्यासमोर बस. काय उकडतंय! आमच्या पोराने, मोरूने दिवाळीला आणला. पूर्ण्याच्या गोदामात कामाला आहे ना, तिथला शेठ खूश झाला आणि बक्षीस दिला म्हणे."

सोमा पंख्याकडे बघत राहिला. मग त्याच्याकडे पाठ करून बसला.

गुरुजींच्या बायकोने, कलावतीबाईंनी पाणी आणलं. "हाताला काय झालं रं?"

"मधी घातला व्हता, काकू."

"आमचा मोरूबी आला न्हाय अजून. ताट झाकून ठेवलंय," म्हणत त्या आत गेल्या.

सोमाने पेला तसाच खाली ठेवला. "गुरुजी, कायदा इचारायला आलोय. चोर घावला तर त्याला किती मारता येतं?"

गुरुजींनी चष्मा काढला. "कुणाला घावला?"

"आमालाच. आज सकाळी. बंद मोटरीतली तांब्याची तार काढत व्हता."

"पळत होता?"

"पळाला. गल्लीच्या तोंडाला धरला. तार परत मिळाली."

"मग?"

"मग आणून लूमला बांधला."

भिंतीपलीकडे लूम खडखडत होते.

"मारायला सगळेच," सोमा खाली बघत म्हणाला. "माझे कामगार, शेजारचे, बाजारला निघालेले. येनारा जानारा हात साफ करून गेला. एकानं तर च्याचा गिलास खाली ठेवला, दोन हाणल्या, आन गिलास उचलून पुन्ना प्यायला लागला. हसत व्हता."

गुरुजींनी उठून खिडकीबाहेर थुंकलं आणि परत बसताना सतरंजी जरा मागे ओढली. त्या सदऱ्याचा वासही त्यांना नकोसा झाला होता.

"मी तर मधी पडलो, गुरुजी..."

"तू मालक! तुझ्या छपराखाली झालं हे. तुझ्या आईची करंगळी लूमच्या पट्ट्यात गेली, तेव्हा त्या मालकाला दगडाच्या काळजाचा म्हणणारा तूच ना? आज तूच मालक झालास."

सोमाने गुंडाळलेला हात मांडीखाली सारला.

गुरुजींचा राग फार वेळ टिकत नसे. शिकवायची सवय वर येई. "नीट ऐक. चोर माल घेऊन पळतोय तोवर त्याला अडव, धर, माल हिसकावून घे. त्यासाठी लागेल तेवढाच जोर. जरुरीपुरता. माल हाती आला, चोर हाती आला की तुझा हक्क संपला. पोलीस बोलवायचे. पुढचा प्रत्येक फटका म्हणजे तुमचा गुन्हा. चोराचा नव्हे, तुमचा. कळलं?"

"कळलं."

"जिवंत आहे ना?"

"हाय. मीच रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात पोचवला. दोन बरगड्या गेल्यात. बोलतोय पन." सोमा अडखळला. "एकच बोलतोय. माझ्या बापाला सांगू नका म्हनतो."

"बापाला!" गुरुजी कडवट हसले. "पोरगं वस्तू घरी आणत असेल आणि बाप आयतं घेत असेल. कुठून आणलंस, हे एकदा तरी विचारलं असेल का त्यानं? तुमच्या त्या चहावाल्याची किळस येतेच, सोमा. पण मला त्या बापाचीही येते."

सोमाने मान वर केली. गुरुजींकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"पोलिसात नाव दिलंस का?"

"न्हाय अजून. आदी तुमच्याकडं आलो."

"बरं केलंस. जे घडलं ते सगळं सांग. त्याचंही, तुमचंही."

सोमा बराच वेळ बोटाने सतरंजीचा धागा उसवत राहिला. "अजून एक, गुरुजी. मागं चोरीला गेलेली वस्तू एखाद्याच्या घरात दिसली तर? उचलून न्यावी?"

"मुळीच नाही. घरात घुसायचं नाही, हिसकायचं नाही, धक्का द्यायचा नाही. पोलीस आहेत त्याला."

"आन त्या घरात मानूस भला आसंल तर? त्याला काईच म्हाईत नसंल तर?"

"मग तर आवाजही चढवू नये." गुरुजींचा स्वर मऊ झाला. पोरगं अजून शिकण्यासारखं होतं. "हात जोडून मागावी. भला असेल तर देईल."

सोमा उठला. पंख्याजवळ उकिडवा बसला. त्या चार बोटांच्या पंजाला त्याने हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. मग फडक्यातला हात दुसऱ्या हाताला जोडून तो गुरुजींकडे वळला.

"मग मागतो, गुरुजी. पंखा द्या. आन माझ्यासंगं दवाखान्यात चला."