पहिला घोट

"थांबा," आनंदीबाई म्हणाल्या, तसे पाहुण्यांचे ओठांपर्यंत गेलेले कप तिथेच थबकले.

मयुरेश बाजारात आणत असलेल्या मश्रूम कॉफीची चव देण्याचा आज पहिला कार्यक्रम होता. 'सकाळी एक कप घ्या, दिवसभर लक्ष जागचं हलणार नाही,' असं त्याने आत्ताच सगळ्यांना छातीठोक सांगितलं होतं. आईने मध्येच तोंड घातलेलं पाहून त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"आमच्या गावी रानातून अळंबी आणली की आणणाऱ्याने आधी खायची," आनंदीबाई पाहुण्यांना म्हणाल्या. "तो धडधाकट राहिला, तरच बाकीच्यांची पानं वाढायची." मग त्या लेकाकडे वळल्या. "तू प्यायलास का रे?"

"आई, ही कारखान्यातली पावडर आहे. सगळ्या तपासण्या झाल्यात." मयुरेश हसला, पण समोरच्या कपाला काही त्याने हात लावला नाही. लहानपणी कच्ची अळंबी चोरून खाल्ली होती, तेव्हाही तो असाच हसला होता, दुखणारं पोट दाबून धरत.

"बरं, मग मीच पिते," म्हणत त्यांनी त्याचा कप उचलला.

कप ओठाला लागणार, तोच मयुरेशने झडप घालून तो हिसकावला. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर कॉफी सांडली.

"नको आई! या नव्या मालाचा रिपोर्ट अजून यायचाय!"

एकेक कप खाली ठेवल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

आनंदीबाईंनी पाहुण्यांवरून नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "आणि यांच्या घरी आई नाही का रे?"