आवाज निवडा

बायबलच्या अभ्यासवर्गासाठी टॅब घ्यायला नर्सबाई लेकाला घेऊन दुकानात गेल्या. लेक बॅटरी विचारत होता, स्क्रीन न्याहाळत होता, वजन हातावर तोलत होता. नर्सबाईंचं आपलं एकच टुमणं, "या पेनाने लिहिलेलं हा मोठ्याने वाचून दाखवतो का?"

"दाखवतो की, मावशी," दुकानदार म्हणाला. "आवाज बाईचा लावू की पुरुषाचा?"

"पुरुषाचा. चांगला खणखणीत."

"अगं आई, डोळे चांगले आहेत तुझे," लेक वैतागला. "तुला कशाला ऐकायला हवंय?"

"मला कुठे ऐकायचंय!"

रविवारी वर्गात एका बाईने प्रश्न विचारायला हात वर केला. वर्ग घेणाऱ्या, चर्चच्या पाळकसाहेबांनी नेहमीचंच सुनावलं, "भगिनींनी इथे बोलायचं नाही, फक्त ऐकायचं." नर्सबाईंनी मिठाची गुळणी धरली, टॅबवर दोन ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं.

 

भरल्या वर्गात पुरुषी आवाज घुमला, "पाळकसाहेब, प्रभू पुन्हा उठला, त्याची कबर रिकामी आहे, ही बातमी आधी बायकांनीच आणली. त्या गप्प बसल्या असत्या, तर आज तुम्ही काय शिकवलं असतं?"