हवाई कडी

मोडका जॅक.
चहाच्या कपात ठेवलेल्या कॅरमच्या सोंगट्या.
पांढराशुभ्र दोरा.
तीन माणसं, तिघांचाही हात कमरेवर.

आणि वस्तादांच्या गॅरेजात, मधोमध जमिनीवर, एक गिअरबॉक्स. तो बाकावर चढवल्याशिवाय उघडता येत नव्हता. गाडीवाला संध्याकाळी येणार होता. पण गिअरबॉक्स दिसला की पेंटर, डेंटर आणि वायरमन, तिघांच्याही कमरा एकदम धरायच्या.

मेकॅनिक म्हणून आलेल्या नव्या बाईंचा पहिला दिवस. जमलं तर राहा, नाहीतर संध्याकाळी आपापल्या वाटेने, असं वस्तादांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

"बाई, कोपऱ्यावरच्या दुकानातून हवाई कडी आणा बरं," डेंटर म्हणाला. चेहरा अगदी सरळ. "खालचं टोक गिअरबॉक्सला अडकवायचं, वरचं हवेला. मग करंगळीने उचला."

वस्ताद मिशीत हसले. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ही जगात नसलेली कडी आणायला पिटाळायचं, हा गॅरेजचा रिवाजच. दुकानदारही सामील. तो पुढच्या दुकानात पाठवायचा, पुढचा त्याच्या पुढच्या. वस्ताद स्वतः एकेकाळी दिवे लागेपर्यंत वणवण फिरले होते.

"किती वजनाची आणू?" बाईंनी विचारलं.

तिघं एकमेकांकडे बघू लागले. "मोठीच आणा," वायरमन म्हणाला आणि खोकला आल्यासारखं करत वळला.

बाई सकाळी बरोबर आणलेली पिशवी खांद्याला लावून गेल्या. तिघांनी सोंगट्या मांडल्या. राणी पडायच्या आत बाई परत.

"मिळाली. शेवटचीच उरली होती."

पिशवीतून जाड कापडी पट्टा निघाला. बाईंनी तो गिअरबॉक्सखालून घेऊन आवळला. वर तीन फास. टीप इतकी ताजी की दोरा पांढराशुभ्र. त्या गॅरेजात पांढरं काही तासभरसुद्धा टिकत नसे. वस्ताद पुढे झाले आणि निरखून बघू लागले.

एक फास डेंटरच्या खांद्यावर. एक पेंटरच्या. एक वायरमनच्या.

"अहो बाई, आमच्या कमरा..."

"कमरेचं कामच नाही, दादा. ही खांद्यावर चालते. बसा खाली. पाठ ताठ. हं, आता पायांवर उठा."

वस्ताद बघत होते, त्यामुळे तिघांना उठावं लागलं. त्यांच्याबरोबर गिअरबॉक्सही उठला, झुलत झुलत गेला आणि बाकावर टेकला. कोणाची कमर गेली नाही.

"पण वरचं टोक हवेला अडकवायचं होतं ना?" वस्तादांनी विचारलं.

"तिथेच अडकवलं," बाई म्हणाल्या. "इतका वेळ या तिघांच्या जागी हवेशिवाय दुसरं काय होतं?"

वस्ताद खो खो हसले. मग कॅरमचा बोर्ड उचलून त्यांनी कपाटामागे सरकवला आणि बोर्ड टांगायच्या खिळ्यावर पट्टा लावला.

"उद्या साडेआठला या."

"आठला येते," म्हणत बाईंनी पाना हातात घेतला.

काम विचारायला त्या आदल्या दिवशी आल्या होत्या, तेव्हा जॅक मोडलेलाच होता आणि कॅरमला तिघं बसले होते.