फाळक्यांची मांडणी

फळीवरचं शेवटचं अक्षर रंध्याखाली निघून गेलं आणि सदाशिव मेस्ताने मान वर केली. दारात त्याची सून विनोदिनी चहाचा पेला घेऊन उभी होती.

"लाकूड खंयचें, बाबा?"

"साखळीच्या वखारीतून मागवलं," तो म्हणाला. पिवळा रंग लागलेल्या ढलप्या त्याने पायाने कोपऱ्यात लोटल्या.

पेला ठेवून ती आत गेली. सदाशिवला हायसं वाटलं. ती पिवळी अक्षरं तिच्याच नावाची होती. लग्नानंतरच्या पहिल्या गणेश चवथीला सगुणने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तो चालवायचा त्या ट्रकाच्या लाकडी फाळक्यावर ती हौसेने रंगवून घेतली होती. सुर्ल्याच्या खाणीवरून माल नेताना तोच ट्रक उतारावर कलंडला. ट्रक मालकाच्या आवारात गंजत राहिला. सगुण घरी आला तो चादरीत गुंडाळून.

त्याला वर्ष उलटून गेलं होतं. विनोदिनी कागदाची मखरं, फुलं, आकाशकंदील करून घर चालवत होती. सदाशिवने गावातल्या कितीतरी घरांची दारं घडवली होती. आता तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. कागद जमिनीवर दमट होतात, एखादी मांडणी करून द्या, असं ती कितीदा म्हणाली. तो नुसता हुंकार द्यायचा. हत्यारांच्या पेटीला वाळवी लागली, तेव्हाही तो उठला नाही.

मग एके दिवशी ती बाजारात गेलेली असताना मालकाचा माणूस सखाराम हे फाळके घेऊन आला. "ट्रक भंगारात काढला, मेस्त. चुलीत घालायला होतील," एवढं बोलून तो गेला.

सदाशिव खाटेवरून उठला. मुलाच्या ट्रकाचं लाकूड चुलीत घालणं त्याला शक्य नव्हतं. पण ते नाव सुनेच्या नजरेला पडलं असतं, तर तिचं काय झालं असतं? त्याने फाळके ओढत मागच्या पडवीत नेले आणि रंधा हातात घेतला. तासलेलं लाकूड कोण ओळखणार?

मांडणी सुरेख झाली. अख्खा कागद न दुमडता आडवा राहील एवढी रुंद, खण जवळजवळ. सगळ्यात वर पांढरा कागद, त्याखाली निळा, जांभळा, सोनेरी.

आणि त्रास सुरू झाला. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की मांडणी थरथरायची. फळ्यांच्या सांध्यांतून तांबडी धूळ झरायची आणि पांढऱ्या कागदाच्या कडेवर रेघ उमटायची. लोहखनिज वाहून वाहून ते लाकूड आतपर्यंत तांबडं झालं होतं. सदाशिवने सांध्यांत मेण भरलं, वरून रोगण फिरवलं. सून उठायच्या आधी तो उठायचा आणि फडक्याने एकेक खण पुसायचा. पुन्हा ट्रक जायचा, पुन्हा धूळ. कामावरून आला की सगुण पडवीत उभा राहून सदरा झटकायचा तेव्हा जशी पडायची, अगदी तशीच ही धूळ पडायची. सदाशिव मागे वळून बघायचा. पडवीत कोणी नसायचं.

एका दुपारी ट्रक गेला आणि तो मांडणीपाशी धावला. विनोदिनी तिथे आधीच उभी होती. थरथरत्या फळीवर तिने तळवा टेकला होता, डोळे मिटले होते. थरथर थांबेपर्यंत तिने हात काढला नाही.

 सदाशिव आत जाऊन हातोडी घेऊन आला.

"बाय, बाजूला हो. मी ही मोडून टाकतो."

"कशाला?"

"हें लाकूड वखारीतलं न्हय गो." त्याने फळीकडे बोट केलं. "सगुणच्या ट्रकाचे फाळके हे. तुझं नाव होतं त्यावर. मी या हातांनी तासलं."

ती दचकली नाही. तिने त्याच्या हातातली हातोडी हळूच काढून घेतली. तिचा तळवा तांबडा झाला होता. तो तिने पुसला नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "सखारामाकडे ते मीच मागितले होते. मी घरात नसताना आणून टाक म्हणून सांगितलं होतं."

सदाशिवने विचारलं, "कागद ठेवायला असलं लाकूड मागवलंस? चांगलं सागवान नसतं का मिळालं?"

"मिळालं असतं, बाबा," विनोदिनी म्हणाली. "पण त्यासाठी तुम्ही खाटेवरून उठला नसता."