दाढेचा खड्डा

मधल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी माझ्या बायकोची, हौसाची, दाढ काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, खड्डा रिकामा ठेवला तर जबड्याचं हाड झिजतं, मग नवा दात बसत नाही. आत्ताच हाडाची पावडर भरू."

"कुणाचं हाड?"

"गाईचं."

हौसानं गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली आणि तोंड मिटलं. एसटीच्या फेऱ्यांनी मी शिणलो होतो. म्हणालो, "भाकरी चावायचीय ना तुला? मग घे भरून."

"तुम्ही घ्या."

बाई हसल्या. "कारखान्यात बनवलेली पावडरही मिळते, आजी. तिच्यात कुणाचंच हाड नसतं."

"मग आधी गाय कशाला आणलीस मधे?" म्हणत तिनं आ केला.

उन्हाळाभर ती दुधात कुस्करलेली भाकरी खात राहिली. वैतागली की म्हणायची, "दात बसू दे, मग कडक भाकरी आणि खरडा खाते की नाही बघा."

श्रावण संपता संपता डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "आजोबा, मागच्या एक्स-रेत हाड छान भरलेलं दिसतंय. आजींना सोमवारी आणा, स्क्रू बसवू."

मी म्हणालो, "बाई, हौसा नागपंचमीला पहाटे वारली."