नव्या मॉडेलचा सोल

गुढीपाडव्याला सत्यजीतने आणि मी एकाच कंपनीचे रनिंग शूज घेतले, नुकतंच आलेलं नवीन मॉडेल. तो रोज पहाटे सुकापूरच्याही पुढे पळायला जातो. "माझा स्पीड तुला झेपणार नाही," म्हणाला, म्हणून मी आपली खांदा कॉलनीतच पळते, तेही एक दिवसाआड.

दिवाळीच्या आत माझे सोल टाचेला पार गुळगुळीत झाले. त्याचे मात्र नक्षीसकट शाबूत.

"तू पाय घासत पळतेस गं," तो हसला. "माझे बघ, अजून नव्यासारखे!"

मला कंपनीचाच राग आला. दोन्ही जोड पिशवीत घालून पनवेलच्या दुकानात गेले आणि काउंटरवरच्या मुलीला सुनावलं, "नवऱ्याला चांगला माल आणि बायकोला डुप्लिकेट?"

"माल एकच आहे मॅडम," ती म्हणाली. "जुन्या मॉडेलपेक्षा यांनी सोल मऊ केलाय. हलक्या माणसाला छान सूट होतं. पण जड माणूस यात रोज पळाला, तर दोन-तीन महिन्यांत सोल संपतो. सरांचं वजन किती?"

सत्यजीत माझ्या दीडपट आहे. मी दोन्ही जोड पिशवीत भरले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो दारात बसून लेस बांधत होता. "निघतो गं. आज दहा किलोमीटर मारून येतो."



"कोणाकडे?" मी विचारलं.